दगडाचं तेवढं विचारायचं राहिलं

रायपुरे मॅडमशी हवापाण्याच्या गप्पा मारायला आमच्या कॉलेजात कोणी धजत नसे. बल्लारपूरसारख्या गावात मे महिन्याच्या दुपारी स्टाफरूममध्ये शिरणारा माणूस घाम पुसत म्हणणार, "आज कालच्यापेक्षा जास्त तापलंय." लगेच कोपऱ्यातून चष्मा वर करून मॅडम विचारणार, "कशावरून?" त्या चेष्टेने विचारत नसत, हीच खरी अडचण होती. त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असे. सावलीत मोजलं का, किती वाजता, कशाने मोजलं? तो गृहस्थ बिचारा माठापाशी जायचं विसरून तिथेच उभा राहायचा.

मी मराठी शिकवायचो, त्या रसायनशास्त्र. वर्गात मी दिवसाकाठी पंचवीस विधानं करायचो आणि त्यांतल्या एकालाही पुरावा नसायचा, असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. तरी आमचं जमलं. मॅडम उंचीने कमी, चालायला मात्र भरभर. साडीवर कॅनव्हासचे पांढरे बूट घालायच्या. ते बूट पाहून मुली हसायच्या, आणि वर्षभराने त्यांतल्याच दोघीतिघी तसे बूट घालून प्रयोगशाळेत दिसायच्या. काचेचं कुठलंही भांडं त्या तीनदा विसळत. घरी चहाचा कपसुद्धा तीनदा. पाहुण्याला वाटायचं, या घरात आपल्याआधी कोणीतरी फारच आजारी माणूस चहा पिऊन गेलेला दिसतो.

त्यांचं लग्न का झालं नाही याची एक कथा स्टाफरूममध्ये फिरायची. पाहायला आलेला मुलगा पोहे खाऊन झाल्यावर भीतभीत म्हणाला, "मला तुम्ही आवडलात." पुढे काय झालं असेल ते कोणी सांगायची गरज नव्हती. मी एकदा धीर करून ही गोष्ट खरी आहे का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडी खरी आहे. पोहे नव्हते, चिवडा होता."

विज्ञान दिनाला एकदा बाहेरचे पाहुणे आले होते. रोज भिजवलेले बदाम खाल्ल्याने स्मरणशक्ती कशी तल्लख राहते, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणावरून सांगितलं. मॅडमनी खुर्चीतूनच तो आपला शब्द विचारला. पाहुणे म्हणाले, अनुभवावरून. मॅडम म्हणाल्या, "पण सर, सुरुवातीला आपण तीन मुद्दे सांगतो म्हणालात आणि दोनच सांगितलेत." त्यानंतर प्राचार्यांनी विज्ञान दिनाच्या दिवशी मॅडमना परीक्षा विभागाचं काम द्यायला सुरुवात केली.

हा शब्द त्यांना वडिलांकडून मिळालेला. देवाजी रायपुरे कागद कारखान्यात होते. बांबूचे तुकडे करणाऱ्या यंत्रावर त्यांची उमर गेली. रविवारी विहारात भाषण असलं की देवाजी पहिल्या सतरंजीवर बसायचे आणि भाषण संपलं की हात वर करायचे. एरवी सगळं इकडच्या झाडीबोलीत बोलणारा माणूस, पण हा एक शब्द तेवढा पुस्तकी ठेवलेला, सणाला घालायच्या सदऱ्यासारखा. लहानपणी मॅडम शाळेतून काहीही सांगत आल्या, की पृथ्वी गोल आहे, झाडं श्वास घेतात, तर देवाजी जेवता जेवता विचारायचे, "कशावरून?" पोरगी दुसऱ्या दिवशी मास्तरांचं डोकं खायची. असंच खात खात ती पीएचडीपर्यंत गेली.

मी त्यांच्या घरी जाऊ लागलो तेव्हा आई वारलेली होती, भाऊ पुण्याला होता, आणि देवाजी विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग आठवड्याचे वार. मग एक दिवस कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला, तशी त्यांनी चप्पल घातली आणि डबा मागितला. निवृत्त होऊन तेव्हा त्यांना बारा-पंधरा वर्षं झाली असतील. मॅडमनी त्यांना तुम्ही निवृत्त झालात असं समजावलं, तर ते ऐकून इतके खचले की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी समजावणं सोडलं आणि डबा भरायला सुरुवात केली. भोंगा झाला की देवाजी डबा घेऊन निघायचे, वळणावरच्या कडुलिंबापर्यंत जायचे, पारावर बसून पोळीभाजी खायचे आणि परत यायचे. कधी शेजारचं कोणी आणून सोडायचं. ड्युटी झाली, म्हणायचे.

अल्झायमर हे निदान नागपूरच्या डॉक्टरांनी केलं आणि एक गोळी दिली. मॅडमनी गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले, हे मी स्वतः पाहिलं. वडील हातातून जातायत आणि ही बाई गोळीचं नाव वाचून हरखते, याचा मला तेव्हा रागही आला. पण त्यांचं मन तसंच चालायचं. दुःखातसुद्धा त्यांना पुढचा प्रश्न दिसायचा.

ही गोळी मुळात एका फुलाच्या कांद्यातून आलेली आहे, असं त्यांनी मला सांगितलं. थंड देशात बर्फ वितळताना वर येणारं कुठलंसं पांढरं फूल. त्या कांद्यात एक अल्कलॉइड असतं. अल्कलॉइड म्हणजे काय, हे विचारल्यावर त्या माझ्या गालाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमच्या तोंडात आत्ता एक आहे, सर." मी खर्रा खात होतो. तंबाखूतलं निकोटीन, चहातलं कॅफीन, हिवतापाचं क्विनाइन ही सगळी त्याच जातकुळीची, झाडांनी बनवलेली कडू द्रव्यं. झाड ती आपल्यासाठी बनवत नाही. कोणी आपल्याला खाऊ नये म्हणून बनवतं.

मराठीवाल्याला समजावं म्हणून त्यांनी मेंदूचं जे सांगितलं ते मी फळ्याच्या भाषेत लक्षात ठेवलं आहे. मेंदूत निरोप लिहिला जातो आणि लगेच एक पुसणारा तो पुसून टाकतो, म्हणजे पुढचा लिहिता येतो. या आजारात लिहिणारे कमी होत जातात, पण पुसणारा मात्र आपल्या वेगानेच पुसतो. पोरांनी उतरवून घ्यायच्या आत फळा कोरा. हे अल्कलॉइड त्या पुसणाऱ्याचा हात थोडा वेळ धरून ठेवतं. मी म्हटलं, मग झालं की काम. त्या म्हणाल्या, "लिहिणाराच उठून गेला, तर पुसणाऱ्याचा हात धरून काय करणार? गोळीने आजार बरा होत नाही. थोडे दिवस मिळतात, तेही सगळ्यांना नाही."

त्यांच्या डोक्यात आलं ते असं. त्या पांढऱ्या फुलाच्या घराण्यातले कांदे आपल्या जंगलातही आहेत. एकाच घराण्यात एका द्रव्याची चुलत भावंडं सापडतात, आणि एखादं भावंड जास्त जोरकस निघू शकतं. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल आपल्या उशाला असताना हे कोणी पाहिलं का? कोणी पाहिलं नसेल तर आपण का पाहू नये? त्यांना घाई होती. देवाजींच्या तोंडून अजून दिवसातून चार-सहा वेळा "उत्पला" अशी मुलीच्या नावाची हाक निघत होती. ती बंद व्हायच्या आत काहीतरी सापडावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

माझी भरती झाली ती माझ्याकडे जुनी व्हॅन होती म्हणून. दुसरं काम मला असं दिलं की लोक जे बोलतील ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. वनस्पतीची नोंद त्या स्वतः करणार, बोलणं माझ्याकडे. माझ्याकडच्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्याही त्यांनी मागून घेतल्या. पानंफुलं दाबून वाळवायला त्यांना कागद लागायचे. पुरवणीत माझी एक कविता छापून आली होती, ती पाहून त्या म्हणाल्या, "हा कागद ओलावा चांगला शोषतो."

गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत आम्ही भामरागडच्या रस्त्याला लागायचो आणि मध्येच डावीकडे आत शिरायचो. तिथल्या एका गावात चैतू मडावी राहायचे. साठीच्या पुढचे, अंगाने सुकलेले, बोलण्यात तरतरीत. आजूबाजूच्या पाच-सात गावांना झाडपाल्याचं औषध द्यायचे. आमचा एक जुना विद्यार्थी त्या भागात शिक्षक होता, त्याने ओळख करून दिली आणि तो शाळेत निघून गेला.

पहिल्या भेटीत मॅडमनी चैतूभाऊंना दोन तास प्रश्न विचारले. कुठलं मूळ, कधी काढता, कोणी शिकवलं, किती देता, नाही दिलं तर काय होतं. चैतूभाऊ खुशीत होते. ऐकणारं माणूस त्यांनाही रोज कुठे मिळत होतं? शेवटी त्यांनी विचारलं, हे सारं कोणासाठी? मॅडमनी वडिलांचं सांगितलं. चैतूभाऊ उठले, चुलीवर टांगलेलं एक गाठोडं काढलं आणि त्यातले रानातल्या एका कांद्याचे सुकलेले तुकडे मूठभर मॅडमच्या हातात दिले. हा गुडघ्याच्या सुजेवर वाटून लावायचा, पोटात घ्यायचा नाही, घेतला तर ओकाऱ्या होतात, असं बजावलं. पावसाच्या तोंडाला पांढरं फूल येतं असं ते म्हणाल्यावर मॅडमनी त्या बर्फातल्या फुलाचं घराणं ओळखलं. या कांद्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मॅडमनी तशी शपथच घातली आहे. लोक वाचतील आणि टेकडी उकरून ठेवतील, असं त्यांचं म्हणणं आहे.

निघताना मॅडमनी सहज विचारलं, वाट विसरणाऱ्या माणसाला तुम्ही काय औषध देता?

"त्याले औषध नाई देत, बाई," चैतूभाऊ म्हणाले. "त्याच्या संगं एक माणूस देतो."

मॅडमच्या वहीत हे गेलं नाही, कारण त्यात वनस्पती नव्हती. माझ्या वहीत गेलं.

आठवड्याभराने त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. काचेच्या पाटीवर पांढरा थर दिलेला, त्यावर कांद्याच्या अर्काचा ठिपका चढवून पसरवलेला. वरून त्यांनी ते पुसणारं द्रव्य फवारलं आणि मग रंग. पाटी हळूहळू जांभळी झाली. पुसणारा जिथे जिथे काम करत होता तिथे जांभळी. आणि मधोमध, चण्याच्या डाळीएवढा, एक पांढरा ठिपका तसाच राहिला. तिथे कोणीतरी त्याचा हात धरला होता. मॅडमनी वहीत वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा ठिपका. त्या म्हणाल्या, अजून एकदा येऊ द्या. ठिपका फसवाही असतो, आणि ठिपका म्हणजे औषध नव्हे. त्यांच्याकडे काहीही तीनदा झाल्याशिवाय झालेलं नसे.

तिसऱ्यांदा ते झालं नाही. त्या सोमवारी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि मला म्हणाल्या, अर्काची बाटली रिकामी आहे. मला वाटलं सांडली. मग त्यांनी सगळं सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

रविवारी पुण्याचा भाऊ आलेला होता. तो म्हणाला, जंगलातलंच तर आहे, देऊन तर बघ, आता काय वाईट व्हायचं राहिलंय? त्या दिवशी सकाळपासून देवाजींनी एकदाही नावाने हाक मारली नव्हती. मॅडमनी बाटली घरी आणली होती. का आणली, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बाटलीत उरलेलं सगळंच एका चमच्यात मावलं. पोटात घेतला तर ओकाऱ्या होतात हे त्यांना माहीत होतं. आधीच्या गोळीशी मिळून काय होईल, हेही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी चमचा ओठापर्यंत गेला. देवाजींनी विचारलं, काय आहे? त्या म्हणाल्या, औषध.

"आणि बाबा म्हणाले, कशावरून?" मॅडम म्हणाल्या.

त्यांनी चमचा मोरीत ओतला आणि तीनदा धुतला. हे सांगताना त्या रडल्या. मी त्यांना रडताना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे पहिलं. मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो.

आणलेले तुकडे संपले होते, आता नवा कांदा हवा होता. मॅडमच्या शास्त्राचा नियम असा की झाड निदान पानांसकट गोळा करायचं, म्हणजे ते तेच आहे हे सिद्ध करता येतं. उन्हाळ्यात त्या कांद्याचं पान जळून जातं, जमिनीवर काहीच दिसत नाही, तेव्हा ओळखणार कसं? शिवाय उन्हाळा म्हणजे परीक्षा आणि पेपर तपासणी. म्हणून दिवाळीच्या सुटीत गेलो. चैतूभाऊ घरी नव्हते. धानाचे दिवस, ते नदीपलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रानडुकरं हाकायला मुक्काम ठोकून होते. सुनेने टेकडीचा उतार दाखवला. हिरवीगार पानं दिसली. आणि तिथे ठिकठिकाणी दगड होते. नदीतले गोल गुळगुळीत दगड, तिथल्या मातीतले नसलेले, प्रत्येक एकेका झाडाशी बेताने ठेवलेला.

मी एक उचलायला वाकलो, तशी मॅडमनी मला थांबवलं. हात लावू नका, त्यांची काहीतरी श्रद्धा असेल. आपण त्यात पडायचं नाही. एवढंच नाही, तर दगडाजवळची झाडं त्यांनी सोडली आणि लांबची, दगड नसलेली चार निवडून काढली. मला त्यांचं कौतुक वाटलं. देवधर्म न मानणारी बाई दुसऱ्याच्या देवाला किती जपते, असं काहीतरी मी वहीत लिहिलंही.

त्या कांद्याचा ठिपका आला नाही. पाटी सगळी जांभळी. तीनदा केलं, तीनदा जांभळी. पुढच्या दिवाळीला पुन्हा गेलो, चैतूभाऊ पुन्हा बांधीवर, पुन्हा तेच दगड, तीच आमची अदब आणि तीच जांभळी पाटी. मॅडम म्हणाल्या, पहिला ठिपका फसवा असेल. मी म्हटलं, कशावरून? त्यावर त्या हसल्या नाहीत. तोवर देवाजींची हाक बंद झाली होती. मॅडमना ते कधी बाई म्हणायचे, कधी नर्सबाई. त्यांना स्वतःच्या बायकोच्या नावाने हाक मारली, त्या दिवशी मॅडम कॉलेजला आल्या नाहीत.

त्यानंतरच्या वैशाखात आमच्या एका विद्यार्थिनीचं अहेरीला लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं. जेवण झाल्यावर मॅडम म्हणाल्या, इथवर आलोच आहोत, चैतूभाऊंना भेटून येऊ. काम काही नाही, नुसतं भेटून. चैतूभाऊ घरी होते. त्यांनी वडिलांची चौकशी केली. मग कांद्याचं विचारलं. मॅडमनी सांगितलं, दोनदा नेला, त्यात काही निघालं नाही. कधी नेला, त्यांनी विचारलं. दिवाळीत म्हटल्यावर ते आमच्याकडे बघतच राहिले. मग कुदळ घेऊन उठले.

टेकडीवर पानाचा मागमूस नव्हता. नुसती तापलेली माती आणि ते दगड. चैतूभाऊंनी जाऊन सरळ एक दगड पायाने बाजूला सारला आणि तिथे खणायला लागले.

मॅडमच्या तोंडून निघालं, "भाऊ, तो देव..."

"देव कायचा?" ते म्हणाले. "मीच ठेवला पावसात, फूल पाहून. पान तं जळून जाते. मंग उन्हाळ्यात कांदा कुठी हाय, कसं समजन?"

मग आम्ही दोन वर्षं काय समजत होतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते कुदळीला टेकून खाली बसले, हसत. खूप हसले. हसू आवरल्यावर सांगितलं ते असं. उन्हाळ्यात जंगलात खायला काही नसतं, तेव्हा सायाळ जमीन उकरून सगळे कांदे खाते, पण याला तोंड लावत नाही. तेव्हाच तो खरा कडू असतो. एकदा पान वर आलं की त्याचा कडूपणा उतरतो. म्हणून तो काढायचा उन्हाळ्यात. मॅडमचं शास्त्र जे सांगत होतं तेच हे होतं. कोणी आपल्याला खाऊ नये म्हणून झाड कडू होतं, आणि खाणारा जेव्हा सगळ्यात भुकेला असतो तेव्हा ते सगळ्यात कडू होतं.

"बाई, पयल्या दिवशी तुमी मले सारं विचारलं," कांदा हातात देत चैतूभाऊ म्हणाले. "मंग दगडाचं काऊन नाई विचारलं?"

परतीच्या वाटेवर आष्टीचा पूल आला. वैनगंगेत पाणी थोडंच होतं. पुलावर त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं मी आदर दाखवतेय. खरं म्हणजे इथे उत्तर नसेल असं मी धरून चालले. सुनेला विचारायला काय लागत होतं? प्रश्नाच्या लायकीचंच समजले नाही मी त्यांना." थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन वर्षं, सर." आणि त्या दुसऱ्यांदा रडल्या. मी गाडी चालवत म्हणालो, दोन वर्षं आधी सापडलं असतं तरी बाबांना काही फरक पडला नसता. त्यांनी नाक पुसत विचारलं, "कशावरून?"

ठिपका आला. तीनदा आला. मॅडमनी तो अर्क नागपूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. मी पेढे आणायच्या तयारीत होतो. मॅडमनी कागद वाचला, घडी घातली आणि हसायला लागल्या. कांद्यातलं द्रव्य नवं नव्हतं. देवाजींच्या गोळीत होतं तेच, हुबेहूब. ज्याच्या मागे आम्ही आलापल्लीच्या पुढे व्हॅनचे टायर झिजवले, ते आधीपासून त्यांच्या घरातल्या कपाटात चांदीच्या कागदात बसलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. मॅडम मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. एक फूल बर्फातलं आणि एक आपल्या उन्हाच्या भट्टीतलं, एकमेकांना कधी न पाहिलेली, ती दोघं नेमकं तेच कसं बनवतात? हे किती छान आहे, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. तो कागद घेऊन त्या पुढच्या रविवारी चैतूभाऊंकडे गेल्या आणि त्यांना सगळं समजावून सांगून आल्या. शोधनिबंध लिहिला तेव्हा त्यात कांदा कधी काढायचा हे कोणी सांगितलं, ते चैतूभाऊंच्या पूर्ण नावानिशी, त्यांना विचारून लिहिलं.

पुढे मी निवृत्त होऊन मुलाकडे वर्ध्याला गेलो. जाण्याआधी माझी ती बोलण्याची वही मी मॅडमना देऊन टाकली. त्यांनी ती रात्रीतून वाचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. पहिल्या भेटीतलं चैतूभाऊंचं ते माणूस देण्याचं वाक्य, ते तसंच म्हणाले होते का? मी म्हटलं, जसंच्या तसं लिहिलंय. त्या म्हणाल्या, बरं.

गेल्या हिवाळ्यात मी बल्लारपूरला गेलो होतो. पहाटेची गाडी, स्टेशनवरून चालतच निघालो. भोंगा झाला तेव्हा मी त्यांच्या वळणाशी होतो. पूर्वी देवाजी एकटे निघायचे, आता मॅडम बरोबर होत्या. पायांत तेच पांढरे बूट, हातात डबा. कॉलेजातले सकाळचे पहिले दोन तास त्यांनी विनंती करून सोडवून घेतले आहेत, असं नंतर कळलं. देवाजी फारच वाळले होते, पण पावलं अजून कामावर निघालेल्या माणसाची होती. मी हाक मारणार होतो, पण ते दोघं कडुलिंबाच्या पाराशी थांबले होते, म्हणून मीही थांबलो.

देवाजी त्यांच्याकडे निरखून बघत होते. "तुमी कोण व्हय, बाई?"

"मी उत्पला. तुमची मुलगी."

"कशावरून?"

मॅडमचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा उजळला. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराने चांगला प्रश्न विचारला की उजळायचा, तसाच. त्यांनी डबा पारावर ठेवला, हनुवटी वर केली आणि तिथला एक जुना व्रण दाखवला. नळावर पडले होते, तुम्ही उचलून दवाखान्यात नेलं होतं, खांद्यावर रक्त सांडलं म्हणून तुमचा सदरा आईने दोनदा धुतला, असं सगळं नीट क्रमाने सांगितलं. देवाजींनी चष्मा सावरला आणि व्रणावरून अंगठा फिरवला.

"एकावरून काई सिद्ध नाई होत," ते म्हणाले. "उद्या परत सांगजा."

"सांगते, बाबा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी डबा उघडला.